इंग्लंडात नवीन आहात? इथलं इंग्रजी कसं पकडायचं, पायरी पायरीने

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत कराडकडचं एक जोडपं राहायला आलं. वहिनी एमकॉम, पुण्यात सहा वर्षं बँकेत नोकरी केलेली, इंग्रजी मेल झरझर लिहिणारी. चौथ्या दिवशी त्या माझ्या दारात उभ्या, डोळे भरलेले. कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव आणायला गेल्या होत्या, तिथल्या बाईने काहीतरी विचारलं, यांनी तीनदा पार्डन म्हटलं आणि शेवटी काहीच न घेता परत आल्या. ती बाई काय म्हणाली असेल ते मला लगेच कळलं, "वाइट ऑर ब्राउन कॉब, मी डक?" एवढंच. कॉब म्हणजे आमच्या इकडचा गोल पाव आणि मी डक म्हणजे प्रेमाने हाक मारणं, आपण अनोळखी मुलीला "बाळा" म्हणतो ना तसं. वहिनींना वाटलं बदकाचं काय विचारतायत.

मी लेस्टरला ११ वर्षं आहे, त्यातली पहिली ४ वर्षं एका प्राथमिक शाळेत जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं काम केलं, आणि माझं खरं इंग्रजी तिथेच झालं. वहिनींना तीन संध्याकाळी बसून जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं. आपण शाळेत व्याकरण एका तासाला शिकलो, शब्द दुसऱ्या तासाला, आणि त्या लोकांचे सण, रीतभात हे तर कोणी शिकवलंच नाही. इथे तिन्ही एकाच वाक्यात येतात. म्हणून प्रसंग धरून शिका, धडे धरून नको.

पहिली पायरी: वही आणि कान

पहिले पंधरा दिवस फक्त ऐकायचं. एक छोटी वही घ्या, पर्समधे मावेल अशी. बसमधे, दुकानात, शाळेच्या गेटवर जे वाक्य दोनदा कानावर येईल ते देवनागरीत लिहून टाका, जसं ऐकू आलं तसं, स्पेलिंगची चिंता नको. माझ्या वहीतलं पहिलं वाक्य होतं "युऑराइट?" मला वाटायचं माझा चेहरा उतरलाय म्हणून विचारतायत आणि मी खरंच सांगायला लागायचे की काल झोप झाली नाही, कंबर दुखतेय. ते फक्त "काय, बरंय ना" आहे. उत्तर "याह, यू?" की संपलं, चालत राहायचं.

"सी यू लेटर" पण तसंच. ते नंतर येणार नसतात. आपण निघताना "येते हं" म्हणतो, जाताना येते म्हणतो कारण नुसतं जाते म्हणणं अशुभ वाटतं, तसंच ते निरोपाचं बोलणं आहे. मात्र उलटं करू नका, निघताना "आय अ‍ॅम कमिंग" म्हटलं तर समोरचा माणूस तुमची वाट बघत बसेल.

गावांची नावं स्पेलिंगवरून वाचू नका, बसच्या अनाउन्समेंटमधून उचला. लेस्टर, ग्लॉस्टर, वुस्टर, नॉरिच, ग्रेनिच, डार्बी, लफ्बरा, स्लाउ. स्पेलिंगमधली अर्धी अक्षरं तोंडातून येतच नाहीत.

दुसरी पायरी: आपला आदर कुठे हरवतो ते समजून घ्या

ही सगळ्यात मोठी पायरी आहे, इथे घाई करू नका. मराठीत आदर क्रियापदात असतो. "दोन तिकिटं द्या" म्हटलं की झालं, त्या "द्या" मधे मान आहे, वेगळं प्लीज लागत नाही. आता तेच डोक्यातल्या डोक्यात उलटवून "गिव्ह मी टू टिकिट्स" म्हटलं की काय होतं? इंग्रजीत तू, तुम्ही, आपण सगळ्यांना एकच "यू". मग "द्या" चा "दे" होऊन जातो, आणि ऐकणाऱ्याला ते "दे इकडे" असं लागतं. आपण मनातून अदबीनेच बोलत असतो, त्यांच्यापर्यंत अदब पोचतच नाही.

शाळेत कामाला लागले तेव्हा एका टीचरला माझ्याशी काहीतरी बोलायचं होतं, त्या जवळ आल्या तर मी हसून "टेल मी" म्हणाले. माझ्या मनात होतं "सांगा ना". त्यांचा चेहरा क्षणभर बदलला आणि त्या अर्धं पाऊल मागे सरकल्या. ते अर्धं पाऊल मला अजून दिसतं. त्या दिवशी "हाउ कॅन आय हेल्प?" म्हणायला हवं होतं.

तर करायचं काय, की "द्या" चं भाषांतर "गिव्ह" नाही, "कुड आय हॅव" असं पक्कं करून टाका. कुड आय हॅव टू कॉब्स प्लीज. "थांबा जरा" म्हणजे "कुड यू वेट अ मोमेंट". मोठी विनंती असेल तर "आय वॉज वंडरिंग इफ यू कुड". इथे भूतकाळ का असं विचाराल तर मराठीत बघा, साहेबांकडे गेल्यावर आपण "मला जरा बोलायचं होतं" म्हणतो, बोलायचं असतं आत्ताच, पण "होतं" म्हटलं की नरम होतं. अगदी तीच युक्ती आहे, आपल्याला ती जन्मापासून येते, फक्त इंग्रजीत वापरायची सवय नाही.

आणि "आय अ‍ॅम अफ्रेड" ऐकलं की घाबरू नका, कोणी घाबरलेलं नसतं. "आय अ‍ॅम अफ्रेड देअर आर नो अपॉइंटमेंट्स टुडे" म्हणजे "माफ करा, आज अपॉइंटमेंट नाही". ते सरळ नाही म्हणत नाहीत. "दॅट्स क्वाइट गुड" म्हणजे पुष्कळदा ठीकठाक, फार खूष नाहीत. "आयल बेअर इट इन माइंड" म्हणजे बहुतेक करून होणार नाही. "यू मस्ट कम राउंड समटाइम" हे आमंत्रण नसतं, तारीख-वेळ सांगितली तरच ते आमंत्रण.

तिसरी पायरी: व्याकरणाच्या चारच जागा

अख्खं व्याकरण परत करत बसू नका. मराठी माणूस चार-पाच जागीच अडखळतो, त्या पक्क्या केल्या की निम्मं काम झालं.

अ आणि द. मराठीत हे नाहीत म्हणून आपण एक तर गाळतो नाहीतर सगळीकडे घालतो. माझी युक्ती अशी: पहिल्यांदा सांगताना "एक" म्हणता येत असेल तर अ, आणि "तो", "ती", "ते" किंवा "आपला नेहमीचा" म्हणता येत असेल तर द. "एक माणूस आला होता" अ मॅन. "तो माणूस परत आला" द मॅन. "किल्ली कुठाय?" आपली नेहमीची किल्ली, म्हणून व्हेअर इज द की. एवढं केलं तरी बरंच सुटतं. एक गंमत मात्र शाळेमुळे कळली. मुलगा "अ‍ॅट स्कूल" असतो, शिकायला गेलेला असतो म्हणून द नाही. पण मी पालक म्हणून मीटिंगला गेले तर "अ‍ॅट द स्कूल". तसंच आजोबा अ‍ॅडमिट आहेत तर "ही इज इन हॉस्पिटल", आणि त्यांना भेटायला गेलेली मी "अ‍ॅट द हॉस्पिटल". फोनवर द घातलं की नाही यावरून समोरच्याला कळतं कोण आजारी आहे.

"पासून". मराठीत "दोन वर्षांपासून" आणि "२०२३ पासून" दोन्हीला एकच शब्द, म्हणून आपण दोन्हीकडे सिन्स लावतो. मोजलेला काळ असेल तर फॉर, सुरुवातीची खूण असेल तर सिन्स. फॉर टू इयर्स, सिन्स २०२३. आणि "आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर" नको, "आयव्ह लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स".

आयएनजी. "समजत नाहीये", "माहीत नाहीये" या आपल्या सवयीमुळे तोंडात येतं "आय अ‍ॅम नॉट अंडरस्टँडिंग". मनातल्या गोष्टी, म्हणजे कळणं, आवडणं, हवं असणं, आठवणं, आणि स्वतःकडे असणं, यांना आयएनजी लावायचं नाही. "आय अ‍ॅम हॅविंग टू चिल्ड्रन" म्हटलंत तर समोरची बाई अभिनंदन करेल, कारण त्याचा अर्थ जुळं होणार आहे असा होतो.

चौथी जागा, नकारार्थी प्रश्न. "तू येणार नाहीस का?" याला आपण म्हणतो "हो, नाही येणार". इंग्रजीत येणार नसाल तर नो, येणार असाल तर येस, प्रश्न कसाही असो. "डू यू माइंड इफ आय सिट हिअर?" याला हरकत नसेल तर "नो, नॉट अ‍ॅट ऑल". बसमधे मी एका म्हातारबुवांना हसतमुखाने "येस येस" म्हटलं होतं, ते बिचारे उभेच राहिले.

काही शब्द आपल्याकडे बरोबर आहेत आणि इथे अडतात तेही लिहून ठेवा. "पास आउट" म्हणजे इथे चक्कर येऊन पडणं, कॉलेजातून बाहेर पडणं नाही. प्रीपोन कोणाला कळत नाही. कझिन ब्रदर नको, नुसतं कझिन. पँट म्हणजे आतली चड्डी, वरची असते ती ट्राउझर्स. आणि सर्जरी म्हणजे डॉक्टरांचा दवाखाना. जीपीच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या, रिसेप्शनवरून फोन आला की "कम टू द सर्जरी", तर ऑपरेशन नाहीये, दवाखान्यात या एवढंच. ही चूक खरंच माणसाची झोप उडवते म्हणून मुद्दाम सांगतेय.

चौथी पायरी: घरातले, गल्लीतले शब्द

वेळ सांगायला आपल्याला सोपं आहे. क्वार्टर पास्ट म्हणजे सव्वा, हाफ सेवन म्हणजे साडेसात, क्वार्टर टू म्हणजे पावणे. फोर्टनाइट म्हणजे पंधरवडा, चौदा रात्रींवरून आलेला शब्द, कचऱ्याची गाडी, पगार, सगळीकडे लागतो.

जेवणाचे शब्द मात्र गाव बदललं की बदलतात. शाळेत डिनर म्हणजे दुपारचं जेवण, आमच्यासारख्या बायांना डिनर लेडीच म्हणायचे. उत्तरेकडे आणि आमच्या मिडलंड्समधेही बऱ्याच घरांत टी म्हणजे संध्याकाळचं जेवण. "कम फॉर युअर टी" म्हटलं तर घरी पोटभर खाऊन जाऊ नका. आमच्याकडचा कॉब मँचेस्टरकडे बार्म होतो, कॉव्हेंट्रीत बॅच. गल्लीबोळाला लेस्टरमधे जिटी म्हणतात. आणि रुसलेल्या, चिडचिड्या पोराला मार्डी. हा शब्द मला फार आवडतो, आमची धाकटी शाळेतून आली की मी तिला हाच लावते.

आता एक गोष्ट सांगते जी ऐकून वहिनींचा चेहरा खुलला. इंग्रजीत आपले शब्द आधीच बसलेत. मंगूस हा मराठी मुंगूस आहे. खुशीवरून कुशी, म्हणजे आरामाची नोकरी. आणि इथली म्हातारी माणसं कोणाचं डोकं फिरलं की म्हणतात "ही हॅज गॉन डूलाली". ते डूलाली म्हणजे आपल्या नाशिकजवळचं देवळाली! तिथे ब्रिटिश फौजेची छावणी होती, मुदत संपलेले सोल्जर घरी न्यायला जहाज मिळेपर्यंत तिथे दिवस काढायचे, उन्हात, काही काम नाही, कंटाळून वेडे व्हायची पाळी. आधी "डूलाली टॅप" म्हणायचे, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. शेजारच्या आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं, केटल ठेवली आणि देवळाली नकाशात दाखवायला लावलं. त्या दिवसापासून आमचं जाणंयेणं सुरू झालं. दोन भाषांमधला असा एक शब्द हाताशी असू द्या, बोलणं सुरू करायला हवापाण्याइतकाच उपयोगी पडतो.

पाचवी पायरी: वर्षाचं कॅलेंडर धरून शिका

प्रत्येक सणाच्या आधी आठवडाभर त्याचे दहा शब्द वहीत काढायचे आणि त्या दिवशी वापरायचे, मी असंच केलं.

फेब्रुवारी-मार्चमधे पॅनकेक डे येतो, नेहमी मंगळवारी. पुढे ईस्टरपर्यंत लेंटचा संयमाचा काळ, म्हणून घरातली अंडी, दूध, लोणी आदल्या दिवशी संपवायचं, आपल्याकडे श्रावणाआधी गटारी करतात तसलाच हिशोब. पॅनकेक पातळ, आपल्या धिरड्यासारखे, वर लिंबू आणि साखर. शब्द कुठले शिकाल, तर बॅटर, विस्क, फ्लिप, स्प्रिंकल, स्क्वीझ. स्वयंपाक करता करता क्रियापदं जेवढी पटकन बसतात तेवढी पाठ करून बसत नाहीत.

ईस्टर मंडेला लेस्टरशायरमधे हॅलटन गावात जा. तिथे बॉटल किकिंग असतं. बाटल्या नाहीत, लाकडाची छोटी पिंपं, तीन, त्यातल्या दोनात बिअर, आणि हॅलटन विरुद्ध शेजारचं मेडबर्न अशी दोन गावं ती आपापल्या हद्दीच्या ओढ्यापलीकडे न्यायला शेतातून चिखलातून झोंबतात. गावजत्रेची सवय असलेल्या माणसाला तिथे अजिबात परकं वाटत नाही.

५ नोव्हेंबर बॉनफायर नाइट. १६०५ साली पार्लमेंट उडवायचा कट पकडला गेला, गाय फॉक्स तळघरात दारूगोळ्यासकट सापडला. त्याचा पुतळा जाळतात त्याला गाय म्हणतात, आणि आज आपण "दॅट गाय" म्हणतो तो शब्द तिथूनच आलाय. आपली दिवाळीही तेव्हाच आसपास असते, लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर दिवे लागलेले असतात, मुलांना फटाक्यांचे दोन हंगाम मिळतात.

लगेच ११ नोव्हेंबर, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस. सकाळी ११ वाजता दोन मिनिटं शांतता. सुपरमार्केटमधेसुद्धा लोक ट्रॉली सोडून उभे राहतात, तेव्हा तुम्हीही थांबा, फोन खिशात. कोटावर लाल पॉपी, म्हणजे खसखशीचं कागदी फूल, लावायची असेल तर डब्यात पैसे टाकून घेता येते. हा दिवस परक्यांचा नाही, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुतच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणी होत्या. आमच्या व्हिक्टोरिया पार्कात युद्धात गेलेल्यांची कमान आहे, १९२५ ची, ती लट्यन्सने बांधली, ज्याने दिल्लीचं इंडिया गेट बांधलं त्यानेच. तिथे उभं राहिलं की मला दरवर्षी भरून येतं.

मग ख्रिसमस. मिन्स पायच्या नावात मिन्स, म्हणजे खिमा, असला तरी आजकाल मटण नसतं, सुकामेवा आणि मसाला असतो, पण शाकाहारी असाल तर सूएट, म्हणजे त्यातली चरबी, कसलं ते डब्यावर वाचून घ्या. २६ तारखेचा बॉक्सिंग डे म्हणजे मारामारी नाही, पूर्वी नोकरमाणसांना, सामान आणून देणाऱ्यांना या दिवशी पैशाचा बॉक्स द्यायचे, आपली दिवाळीची पोस्त.

आणि पँटोला नक्की जा. पँटो म्हणजे डिसेंबर-जानेवारीतलं मुलांचं नाटक, प्रेक्षकांनी ओरडायचं असतं. स्टेजवरचा दुष्ट म्हणतो "ओ नो ही इझंट!" आणि सगळं थिएटर ओरडतं "ओ येस ही इज!" मला शेपटीचे प्रश्न, इझंट इट, डझंट ही, वोंट दे, हे पुस्तकातून कधी जमले नाहीत. आपण मराठीत सगळीकडे एकच "ना" लावतो, तो येणार ना, तू खाल्लंस ना, म्हणून इंग्रजीतही सगळीकडे "इझंट इट" लावत सुटतो. पँटोत दीड तास पोरांबरोबर इज-इझंट, डिड-डिडंट ओरडून घसा बसला आणि ते कायमचं बसलं. घरी मुलांबरोबर हाच खेळ खेळा, "यू एट द लाडू!" "नो आय डिडंट!" "येस यू डिड!"

सणांखेरीज अजून दोन रीती. ऑफिसची माणसं पबमधे गेली तर राउंड असतो, एकाने सगळ्यांचं घ्यायचं, पुढच्या वेळी दुसऱ्याने. तुम्ही दारू पीत नसाल तर लाइम अँड सोडा सांगा, कोणी काही म्हणत नाही, पण आपला राउंड चुकवू नका, ते मात्र लक्षात राहतं. दुसरी रीत कार्डांची. त्या शेजारच्या आजींचे यजमान गेले तेव्हा आपल्याकडच्यासारखं लगेच जाऊन बसावं की नाही मला कळेना, म्हणून दहा दिवस काहीच केलं नाही, त्याची टोचणी अजून आहे. इथे आधी कार्ड टाकायचं, आत हाताने दोन ओळी, "आय अ‍ॅम सो सॉरी फॉर युअर लॉस, थिंकिंग ऑफ यू". मग काही दिवसांनी दार वाजवून काही आणू का विचारायचं. मी उशिरा गेले तेव्हा वरणभाताचा डबा नेला होता, त्या बराच वेळ माझा हात धरून बसल्या.

सहावी पायरी: बोलायला माणसं शोधा

लंडनमधे असाल तर महाराष्ट्र मंडळात जा, १९३२ पासूनची संस्था आहे, जिवाला बरं वाटतं. पण इंग्रजी बोलायला इंग्रजी बोलणारी माणसं हवीत. लायब्ररीत विचारा, बऱ्याच ठिकाणी गप्पांचा गट असतो आणि तो फुकट असतो. जवळच्या कॉलेजात ईसॉलचे, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठी इंग्रजीचे, वर्ग असतात, फी तुमच्या व्हिसावर आणि उत्पन्नावर ठरते, फोन करून विचारा. माझ्या मते सगळ्यात चांगलं म्हणजे चॅरिटी शॉपमधे, म्हणजे दान आलेल्या वस्तू विकणाऱ्या संस्थेच्या दुकानात, आठवड्याला एक सकाळ बिनपगारी काम, फक्त आधी व्हिसात व्हॉलंटरी कामाला परवानगी आहे ना बघा. कपडे लावायचे, गल्ल्यावर उभं राहायचं, तीच वीस वाक्यं दिवसभर, "वुड यू लाइक अ बॅग?" असं करत तीन महिन्यांत जीभ सुटते. घरी बीबीसी रेडिओ लावून ठेवा, मुलांचे कार्यक्रम सबटायटल लावून बघा.

व्ही आणि डब्ल्यू रोज पाच मिनिटं आरशासमोर. व्हेस्टला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, वेस्टला ओठांचा चंबू. आपला व दोन्हीच्या मधला आहे म्हणून त्यांना फरक कळत नाही.

शेवटची पायरी: परीक्षा

पुढे कायमचं राहायचं ठरवलंत तर लाइफ इन द यूके टेस्ट द्यावी लागते. २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर आले की पास, फी ५० पाउंड. सरकारी हँडबुक वाचा, प्रश्न त्यातूनच येतात. चार संतांचे दिवस पाठ करा: वेल्सचा सेंट डेव्हिड १ मार्च, आयर्लंडचा पॅट्रिक १७ मार्च, इंग्लंडचा जॉर्ज २३ एप्रिल, स्कॉटलंडचा अँड्र्यू ३० नोव्हेंबर. वर सांगितलेले सणही त्यात येतात, जगलेलं असेल तर ते धडे वाचायला एक संध्याकाळ पुरते. नापास झालात तर ७ दिवसांनी परत देता येते. इंग्रजीची परीक्षा वेगळी असते, लेव्हल व्हिसाप्रमाणे बदलते म्हणून भरायच्या आधी सरकारच्याच साइटवर बघा, कोणाच्या सांगण्यावर नको. आणि बुकिंग करताना नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं टाका. आपल्याकडे मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ते गाळलंत आणि पासपोर्टशी जुळलं नाही तर दारावरूनच परत पाठवतात आणि फीही जाते.